खुड्डा बेरीची अपूर्ण पाहणी

एप्रिल महिना. रात्री धुळीचं वादळ येऊन गेलं होतं आणि त्याच्या मागून चार थेंब पडले होते. त्यामुळे सकाळी हवा इतकी स्वच्छ, की शिवालिकच्या टेकड्या गच्चीच्या कठड्याला टेकून उभ्या आहेत असं वाटावं. गच्चीवर मात्र बोटभर माती, शेजारच्या शेतातला गव्हाचा भुसा आणि कुणाची तरी उडून आलेली फिकट गुलाबी, लांबलचक पगडी. सरलाताई भोंगाडे साडेचारलाच उठल्या होत्या, कारण खुड्डा बेरीत नळाला पाणी साडेचार ते सहा एवढंच. दोन ड्रम भरले, सात बादल्या भरल्या, गच्ची झाडली, पगडी झटकून घडी करून कठड्यावर ठेवली. मग खाली येऊन स्वतःच्याच दारावर खडूनं ‘ठिकाण क्रमांक आठ’ असं नव्यानं लिहिलं. कालचं धुळीनं खाल्लं होतं.

“अवो, उठा नं जी. आज पाहणी हाये.”

अशोकरावांनी चादर डोक्यावर ओढली. “पाहणी गावाची हाये नं व? मी का पाह्यण्यासारखा रायलो आता?”

“तुमाले कोण पाह्यते! मास्तराच्या अंगणात खाटा लावाच्या हायेत.”

“एअरफोर्सनं मले बत्तीस वर्सं विमानं ढकलाले ठेवलं होतं. खाटा नाही.”

“विमान ढकलता येते त खाट काहून नाही ढकलता येत?”

 अशोकराव उठले.

खुड्डा बेरी म्हणजे चंदीगडचे सेक्टर जिथं संपतात आणि रस्ता सरळ जायचं सोडून म्हशीसारखा वाटेल तिथं वळायला लागतो, तिथलं गाव. पंचायत बरखास्त झाली, गाव महापालिकेत गेलं, पंचायतघर रिकामं पडलं. त्या रिकाम्या घरात गावकऱ्यांनी ‘ग्राम विकास सभा’ काढली. सभेनं दोन वर्षांत एक गटार झाकलं, तीन दिवे लावले आणि एकशे चौदा वेळा चहा प्यायला. आकडा नेमका आहे. सरलाताई सभेच्या सेक्रेटरी होत्या, आणि त्या चहासुद्धा कार्यवृत्तात लिहीत.

त्यांना सेक्रेटरी केलं त्याचं कारणही तेच. गावात तारीख टाकून लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं.

सरलाताई मूळच्या आर्वीच्या, वर्धा जिल्ह्यातल्या. लग्न होऊन चंदीगडला आल्या तेव्हा अशोकराव एअरफोर्समध्ये ग्राउंड क्रूला होते. त्यांच्या बदल्या होत राहिल्या, जोधपूर काय, तेजपूर काय. सरलाताई मात्र शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात डायटिशियन म्हणून लागल्या त्या एकोणतीस वर्षं तिथून हलल्या नाहीत. दोन फुलके, अर्धी वाटी वरण, अर्धी वाटी भाजी, एक चमचा तूप. पेशंट कुणीही असो. एकदा डेराबस्सीच्या एका सहा फुटी ट्रकवाल्या सरदारजींनी ताटाकडे पाहून नम्रपणे विचारलं होतं, “सिस्टरजी, नमुना तो देख लिया. खाना कब आएगा?” सरलाताई हसल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्या चार्टवर ‘पेशंट बोलतो’ अशी नोंद केली होती.

घरीही तेच माप. अशोकराव मित्रांना सांगत, “आमच्या घरी जेवण नाही रायत भाऊ, डोज रायते.”

रिटायर झाल्यावर सेक्टरात घर घेणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांनी खुड्डा बेरीत छोटासा प्लॉट घेऊन घर बांधलं. गाव चांगलं, माणसं त्याहून चांगली. अडचण एकच. सिटी बस गावात येत नव्हती. ती फाट्यावरच्या पिंपळाला वळसा घालून परत जायची. पिंपळापासून सरलाताईंच्या दारापर्यंत दोन हजार तीनशे चाळीस पावलं, आणि हातात भाजीची पिशवी असली तर दोन हजार सहाशे. सरलाताईंचे दोन्ही गुडघे आता त्यातल्या प्रत्येक पावलाचा वेगळा हिशोब मागत. बससाठी त्यांनी तीन वर्षांत अकरा अर्ज केले होते. अकरा वेळा उत्तर आलं: प्रवासी पुरेसे नाहीत.

“बस नाही म्हणून प्रवासी नाही, अन् प्रवासी नाही म्हणून बस नाही,” सरलाताई म्हणत. “मंग मी कोण हाव? सामान?”

आणि मग पर्यटन खात्याची ती सूचना आली. आसपासच्या ज्या गावात पर्यटकांना दाखवण्याजोगं काही असेल, त्या गावात पाहणी होईल. पाहणीत गाव पास झालं, तर शनिवार-रविवार पर्यटकांसाठी बस थेट गावाच्या चौकापर्यंत.

सरलाताईंनी ती सूचना सातदा वाचली. पर्यटक आले काय, न आले काय. बस चौकात येणार होती, आणि चौकापासून त्यांचं दार साठ पावलांवर होतं.

गावात दाखवण्याजोगं काय आहे यावर सभेत तीन बैठका झाल्या. शेवटी आठ ठिकाणं निघाली. पहिलं, ऐंशी वर्षांच्या बीबी हरबंस कौरचं अंगण आणि मातीचा तंदूर. दुसरं, सभेचे अध्यक्ष आणि गावचे नंबरदार, म्हणजे पाटीलच, बलकार सिंग यांच्या म्हशी. तिसरं, रिटायर झालेले पीटी मास्तर तरलोचन सिंग यांच्या अंगणात खाट विणायचं प्रात्यक्षिक. पुढे जुनी विहीर, तळं, बोरीची बाग असं करत करत आठवं ठिकाण सरलाताईंची गच्ची, जिथून डोंगर दिसतात. तिथं पाहुण्यांना पोहे. दरडोई ऐंशी ग्रॅम. प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं, एकूण शहाण्णव.

“और एक नियम,” सरलाताई बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या. “हर घर में सिर्फ एक ग्लास लस्सी. बस. खाने को कुछ नहीं. नहीं तो टाइमटेबल बिगड़ जाएगा.”

 पंजाबातल्या गावात दारी आलेल्या माणसाला काही खाऊ घालू नका असं सांगणं म्हणजे काय, हे सदतीस वर्षं तिथं राहूनही सरलाताईंच्या पूर्ण लक्षात आलेलं नव्हतं.

“इक ग्लास?” बीबी हरबंस कौरनं विचारलं.

“एक ग्लास.”

“पक्का?”

“पक्का.”

बीबीनं जरा विचार केला. “चलो, जिवें तुसीं कहो.”

तुम्ही म्हणाल तसं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. सरलाताईंनी ‘ठराव एकमताने मंजूर’ लिहिलं. इतक्या सहज मंजूर झाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाहणीला अकरा वाजता पांढरी सरकारी गाडी आली. आत तिघं. बन्सल साहेब, बारीक अंगाचे, फाइल तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली. त्यांच्या हाताखालच्या कश्मिरा मॅडम, मोठा गॉगल आणि मोबाइल सरसावलेला. आणि ड्रायव्हर पालसिंग, जो उतरल्या उतरल्या म्हणाला, “हवा चंगी है इत्थे.”

बन्सल साहेबांनी फाइल उघडून दाखवली. आठ ठिकाणांचे आठ रकाने. प्रत्येक ठिकाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून रकाना भरायचा, आणि शेवटी सही. एक जरी रकाना रिकामा राहिला, तरी पाहणी अपूर्ण.

सरलाताईंना हा माणूस एकदम आवडला.

पहिलं ठिकाण. बीबी हरबंस कौरनं ठरल्याप्रमाणे प्रत्येकी एकच ग्लास आणला. फक्त तो ग्लास पितळेचा होता, तिच्या सासऱ्याचा होता, आणि त्यात सव्वा लिटर मावत होतं. वर लोण्याचा गोळा तरंगत होता, लिंबाएवढा. आणि ग्लासच्या तोंडावर आलूचा पराठा झाकलेला.

“बीबीजी!” सरलाताईंचा आवाज चिरकला. “एक ग्लास बोला था!”

“इक ही है. गिण लो.”

“और ये पराठा?”

“पराठा कित्थे? ए तां ढक्कण है. मक्खियां बैठती हैं.”

दवाखान्यातला ग्लास दीडशे मिलीचा. एकोणतीस वर्षं सरलाताईंच्या डोक्यात ग्लास म्हणजे तेवढाच. ठराव लिहिताना माप घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

“मला बीपी आहे,” असं बन्सल साहेब हिंदीत म्हणायला गेले. बीबीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पुत्त, बड़ा ही सुक गया तूं.”  साहेबांनी ग्लास तोंडाला लावला.

दुसऱ्या ठिकाणी बलकार सिंग अध्यक्ष असल्यामुळे नियमाच्या बाबतीत फार कडक. त्यांनीही एकच ग्लास दिला. मात्र बीबीच्या घरून फोन येऊन पोचला होता. त्यांच्या ग्लासावर दोन ढक्कणं होती.

“दो?” सरलाताई म्हणाल्या.

“भैणजी, मेरे ग्लास दा मुंह चौड़ा है.”

ड्रायव्हर पालसिंग म्हशींच्या गोठ्याबाहेरच्या बाजेवर बसला तो तिथंच आडवा झाला. तो काही पाहणी अधिकारी नव्हता, म्हणून त्याला सोडून बाकीचे पुढं गेले.

तिसऱ्या ठिकाणी मास्तर तरलोचन सिंग यांनी कडुनिंबाखाली सहा खाटा मांडल्या होत्या. म्हणजे अशोकरावांनी मांडल्या होत्या. मास्तरांनी सुताची वीण कशी घालतात ते समजावलं, आणि तिसरा ग्लास हातात देऊन म्हणाले, “साहबजी, वीण दी ताकत वेखण वास्ते बैठ के देखो.” बन्सल साहेब बसले. ग्लास संपला. “हुण लेट के देखो.” साहेब आडवे झाले.

कश्मिरा मॅडमनी मात्र झुंज दिली. त्यांनी खाटेच्या कडेवर बसून सरलाताईंना विचारलं, “मॅम, लेडीज़ टॉयलेट की व्यवस्था किस...” आणि ‘किस’वरच त्यांची मान पडली. गॉगल तसाच. त्यामुळे त्या झोपल्या आहेत हे कळायला चार मिनिटं गेली.

सव्वाबारा वाजले होते. पाच ठिकाणं बाकी होती.

सरलाताईंनी टाळ्या वाजवल्या. भांडं पाडलं. मोबाइलवर आरती लावली. मास्तर तरलोचन सिंग यांनी त्यांचा हात धरला. “ना भैणजी. सुत्ते मेहमान नूं नहीं उठाईदा.” झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं नसतं, म्हणून भोवती जमलेल्या सगळ्यांनीही माना हलवल्या. तीन वाजले. अंगणात दोन सरकारी घोरणी चालू होती, एक जाड, एक बारीक.

“गेली व माय बस,” सरलाताई खाली बसल्या. त्यांचा चेहरा पाहून अशोकरावांनी पहिल्यांदाच त्या दिवशी कामात मन घातलं.

“रडू नको. टोइंग करू.”

“काय करू?”

“विमान बंद पडलं त आमी का ते उठाची वाट पाह्यत बसत होतो? ढकलत नेत होतो हँगरमंदी. माणसं झोपले हायेत, खाटा त झोपल्या नाही नं? उचलून फिरवू पाचही ठिकानं. गावातून गेले म्हंजे गेले.”

“अन् डोये?”

“डोये मिटून पाहू नका असं थ्या फाइलीत लिवलं हाये का?”

लिहिलेलं नव्हतं. एरवी सरलाताईंनी असल्या सूचनेला कार्यवृत्तात जागासुद्धा दिली नसती. पण दोन हजार सहाशे पावलं त्यांच्या गुडघ्यांत उभी होती. त्या म्हणाल्या, “हळू उचलजा.”

एका खाटेला चार, दुसरीला चार. अशोकराव पुढे, दोन हात वर करून, धावपट्टीवर विमानाला वाट दाखवतात तसे. पुढची खाट बन्सल साहेबांची, उन्हापासून रक्षण म्हणून अंगावर पांढरी चादर. मागची मॅडमची, गॉगलसकट. पहिल्याच गल्लीत एका दूधवाल्यानं स्कूटर थांबवून, उतरून हात जोडले. “वाहेगुरू,” तो हळूच म्हणाला. दारातल्या बायांनी डोक्यावरून ओढण्या घेतल्या. कुणी तरी विचारलं, कधी झालं? कुणी तरी सांगितलं, बारा वाजता. कैसे? लस्सी पीते पीते. चंगी मौत है, म्हातारा म्हणाला आणि मिरवणुकीच्या मागं चालायला लागला. विहिरीपाशी मागं वीस माणसं होती, तळ्यापाशी चाळीस.

तळ्याच्या बांधावर पुढच्या उजव्या कोपऱ्याचा पाय घसरला आणि बन्सल साहेबांना जाग आली.

त्यांना वर आकाश दिसलं. चार कोपऱ्यांना चार माणसं. अंगावर पांढरी चादर. मागं गाव, बायकांची डोकी झाकलेली.  त्यांनी अगदी शांत आवाजात विचारलं, “मेरी फाइल पर साइन किसने की?”

मिरवणुकीबरोबर आलेला दूधवाला किंचाळून तळ्याकडे पळाला. तो तळ्यातच गेला.

साहेबांना बोरीखाली उतरवून पाणी दिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, फाइल पाहिली, सरलाताईंकडे पाहिलं. सरलाताईंनी मान खाली घालून सगळं कबूल केलं, वेळा सांगून.

“मॅडमजी,” बन्सल साहेब म्हणाले, “तिसऱ्याच्या पुढची ठिकाणं मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, आणि आता परत निघायची वेळ झाली. मी खोटं लिहिणार नाही.” आणि त्यांनी फाइलीवर लिहिलं: पाहणी अपूर्ण.

दहा दिवस सरलाताईंनी वही उघडली नाही. अशोकरावांना भाजी तिखट-मीठ विसरून मिळत होती. अकराव्या दिवशी पत्र आलं. त्यातली भाषा सरकारी होती, पण अर्थ असा: पाहणी अपूर्ण असल्यानं पुन्हा करणं भाग आहे. मात्र एका गावाच्या फाइलीला ऑफिसची गाडी एकदाच मिळते. पुढच्या पाहणीला अधिकाऱ्यांनी सार्वजनिक वाहनानं जावं. सार्वजनिक वाहन गावापर्यंत जात नाही. म्हणून, पाहणी पूर्ण होईपर्यंत, दर शनिवारी सिटी बस खुड्डा बेरीच्या चौकापर्यंत न्यावी. पाहणी पूर्ण झाल्यावर ही सोय बंद होईल, आणि कायमच्या बसचा निर्णय यथावकाश घेण्यात येईल.

“भेटली नं व बस!” अशोकराव ओरडले.

सरलाताई ‘यथावकाश’वर बोट ठेवून बसल्या होत्या. एकोणतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या, “हे पाहणी पुरी नाही झाली पाह्यजे.”

संध्याकाळी सभा भरली. सरलाताई उभ्या राहिल्या. एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला.

“वो ग्लास का नियम,” त्या म्हणाल्या, “वैसा ही रहेगा. एक ही ग्लास. लेकिन ढक्कन... ढक्कन जितने लगे, उतने रखो.”

बलकार सिंग यांनी पगडीच्या टोकानं डोळे टिपले. कार्यवृत्तात त्या दिवशी नोंद आहे: चहा एकशे सोळावा. सोबत पकोडे.

त्यानंतर सहा शनिवार बस चौकात आली. सहा शनिवार पाहणी झाली, आणि सहाही शनिवार पाहणी तिसऱ्या ठिकाणापुढं सरकली नाही. दुसऱ्या वेळी बन्सल साहेबांबरोबर कश्मिरा मॅडमची आई आली. चौथ्या वेळी ऑफिसातले अकाउंटवाले तिघं आले, ‘अनुभव म्हणून’. मास्तरांच्या अंगणात खाटा कमी पडायला लागल्या. इकडे गावातल्या बाया त्याच बसनं मनीमाजऱ्याच्या बाजारात जात आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन चौकात उतरत. सरलाताई ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडत. फाट्यावरचा पिंपळ मागं पडून बस गावाकडं वळली, की त्या पर्स घट्ट धरून सरळ समोर पाहत, विमानात बसल्यासारख्या.

सातवा शनिवार जूनमधला. ऊन असं की म्हशी तळ्यातून निघायला तयार नव्हत्या. बन्सल साहेब एकटेच उतरले. चेहरा करारी.

“वरून विचारणा झाली आहे,” ते म्हणाले. “एका गावाच्या पाहणीला सात आठवडे का? आज पूर्ण होणार.” आणि बीबी हरबंस कौर ग्लास घेऊन पुढं येताच त्यांनी खिशातून एक कागद काढून ढालीसारखा समोर धरला. “साडेचार किलो वजन वाढलंय. दवाखान्यातून चार्ट दिलाय.”

बीबी थबकली. सरलाताईंनीच गावाला शिकवलं होतं की लिहिलेल्या कागदापुढं बोलायचं नाही. बीबीनं ग्लास खाली ठेवला आणि ढक्कण त्याच्यावरच राहू दिलं.

सरलाताईंनी कागद दुरूनच ओळखला. बाराशे कॅलरी. दोन फुलके, अर्धी वाटी, अर्धी वाटी, एक चमचा. छापील नमुना त्यांनीच तयार केलेला होता, पंधरा वर्षांपूर्वी. त्या वळल्या आणि घराकडं निघाल्या. गुडघे दुखत असतानाही जवळजवळ पळत. सात ठिकाणं गुणिले बारा मिनिटं, म्हणजे हातात चौऱ्याऐंशी मिनिटं होती.

“काहून व, काय झालं?” अशोकराव दारात.

“बलकार सिंगच्या गोठ्यातून गोवऱ्या आना. टोपलंभर.”

“कायले?”

“रोडगे करतो.”

अशोकराव दाराला धरून उभे राहिले. जाड गव्हाच्या कणकेचे पदरावर पदर लावून केलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले, वरून फोडून तुपात बुडवलेले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. सरलाताईंनी घरात रोडगे एकदाही केले नव्हते. ‘मोजता येत नाही’ म्हणून.

अंगणात आर फुलला. इकडं कणीक, तिकडं वरण, चुलीवर वांग्याची भाजी, वरून तर्री. अशोकरावांचा फोन विमानतळासारखा चालू होता. “ठिकान तीन पार. झोपला नाही... विहीर पार... बोरीतून निंगाला. सात मिनिटं.”

बन्सल साहेब आठव्या ठिकाणी पोचले तेव्हा घामानं डबडबले होते, पण जागे होते. सात रकाने भरलेले. त्यांनी गच्चीवर जाऊन डोंगर पाहिले, खाली येऊन ओसरीवर पंख्याखाली बसले, आठवा रकाना उघडला आणि पेनचं टोपण काढलं.

सरलाताईंनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं. फोडलेला रोडगा. आतून वाफ येत होती.

“नहीं जी,” साहेबांनी चार्ट काढला. “इसमें नहीं लिखा.”

सरलाताईंनी चार्ट हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग साहेबांच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं, जसं नर्स पेशंटच्या हातातलं थर्मामीटर घेते.

“ये चार्ट मेरा बनाया हुआ है,” त्या म्हणाल्या. “इसमें एक चीज़ लिखनी रह गई थी.”

आणि छापील ओळींच्या खाली, स्वच्छ अक्षरात, त्यांनी लिहिलं: रोडगे, तीन. तूप, पोटभर. खाली सही. सहीखाली ‘डायटिशियन, निवृत्त’. तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. नियमानं चालणारा माणूस होता. लिहिलेलं होतं, सही होती, तारीख होती.

“तीन?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

मग सरलाताईंनी तुपाचं भांडं उचललं. त्यांचा हात पहिल्यांदा सवयीनं चमचाभर पडल्यावर थांबला. अशोकराव श्वास रोखून पाहत होते. हात परत वाकला. तूप रोडग्यात शिरलं, बाहेर आलं, वरणाला मिळालं, ताटाच्या काठापर्यंत गेलं, आणि साहेब “बस जी, बस जी” म्हणत होते तरी ते पडतच राहिलं.

“अन् मले?” मागून आवाज आला.

“तुमी बसा नं,” सरलाताई म्हणाल्या. “तुमाले कोण नाही म्हनते?”

दुसऱ्या रोडग्याला बन्सल साहेबांनी टाय सैल केला. तिसऱ्याला त्यांनी आपल्या आजीची आठवण सांगायला सुरुवात केली, ती कुठल्या गावची होती ते सांगण्याआधीच ते भिंतीला टेकले, आणि भिंतीवरून हळूहळू सतरंजीवर उतरले. अशोकराव समोर, दुसऱ्या भिंतीला, आधीच उतरलेले होते.

साहेबांना जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते आणि चौकात बसचा हॉर्न वाजत होता. त्यांनी मांडीवरची फाइल पाहिली. आठवा रकाना कोरा. शर्टाचा खिसा चाचपला, सतरंजी उचलून पाहिली, पंख्याकडेही एकदा पाहिलं.

“पेन?”

“यहीं कहीं होगा,” सरलाताई म्हणाल्या. पेन त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं होतं आणि ते दोघांनाही दिसत होतं. साहेबांना समोरच्या कपाटाच्या काचेत, सरलाताईंना साहेबांच्या चेहऱ्यावर. “मिल गया तो शनिवार को दे दूंगी.”

बन्सल साहेबांनी फाइल मिटली. ढेकर दिली, माफी मागितली, बूट घातले.

“शनिवार को,” ते म्हणाले. दारात एकदा थांबले. “मॅडमजी, ते वरून विचारणा करणारे साहेब... त्यांनाही एकदा पाहणीला आणू का?”

“त्यांचा चार्ट घेऊन या,” सरलाताई म्हणाल्या.

बस वळली, धूळ उडाली, फाट्याकडं निघून गेली. मग सरलाताई आत आल्या. अशोकराव अजून घोरत होते. त्यांना ओलांडून त्यांनी त्याच बसनं बाजारातून आलेली भेंडीची पिशवी उघडली, ओलं फडकं घेतलं, आणि ओट्याशी स्टुलावर बसून एकेक भेंडी पुसायला लागल्या.